आधी सुई, मग कार्ट्रिज: गोव्यातल्या रेकॉर्डवाल्यांसाठी

"नवं कार्ट्रिज कुठलं घेऊ?" असं कुणी विचारलं की मी यंत्राबद्दल बोलतच नाही. घरात तबकड्या कुठल्या आहेत, ते आधी विचारतो. (कार्ट्रिज म्हणजे टोनआर्मच्या, सुई धरणाऱ्या लांब दांड्याच्या, टोकाला बसणारा छोटा भाग. सुई तबकडीच्या खाचेतून जाते आणि कार्ट्रिज तिच्या हालचालीचा विजेचा संकेत करतं.) गोव्यातल्या मराठी घरांत साधारण चार तऱ्हेच्या तबकड्या निघतात. आजोबांच्या वेळच्या लाखेच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या. साठ-सत्तरच्या दशकातल्या ४५ फेऱ्यांच्या छोट्या ईपी, त्यात लॉर्ना आणि आल्फ्रेड रोझ यांची कोंकणी गाणी हमखास. मग अभिषेकीबुवा, किशोरीताई यांच्या मोठ्या, ३३ फेऱ्यांच्या एलपी. आणि घरातलं कुणी जहाजावर किंवा आखातात असेल, तर त्याने आणलेल्या जॅझच्या, पॉपच्या परदेशी एलपी. या सगळ्यांना एक सुई पुरत नाही. पैसे वाया जातात ते हे न बघता खरेदी केल्यामुळे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. बहुतेकांना नवं कार्ट्रिज लागतच नाही. त्यांना हवी असते नवी सुई, आणि बसवताना घेतलेली तासाभराची मेहनत. महागडं कार्ट्रिज वाकडं बसवलं तर ते साध्या, नीट बसवलेल्या कार्ट्रिजपेक्षा वाईट वाजतं. म्हणून खालचा क्रम मुद्दाम असा ठेवला आहे की पैसे खर्च करायची पाळी शेवटी यावी.

पहिलं काम: तबकड्यांची विभागणी

लाखेच्या तबकड्या बाजूला काढा. त्यांची खाच रुंद असते, तिला साधारण ६५ ते ७५ मायक्रॉन त्रिज्येची सुई लागते. एलपीच्या सुईची त्रिज्या त्याच्या चौथ्या भागाइतकी. ती ७८ च्या खाचेत तळाशी जाऊन घासते आणि शंभर वर्षांची धूळ ऐकवते. उलट ७८ ची सुई एलपीवर ठेवली तर एलपी गेलीच समजा. भारतात साठच्या दशकातही ७८ च्या तबकड्या निघत होत्या, त्यामुळे तबकडी फार जुनी दिसत नाही म्हणून ती एलपीच असेल असं धरू नका. लेबल वाचा, वजन हातात घेऊन बघा.

इथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर जी सोनेरी तबकडी अंतराळात गेली, तिच्यावर फोंडा तालुक्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांचा आवाज आहे. नासाने तबकडीसोबत कार्ट्रिज आणि सुई दोन्ही पाठवली. परग्रहावरच्या श्रोत्यांची सोय झाली. केसरबाईंच्या ७८ च्या तबकड्या घरात असलेल्या आपल्यालाच सुई शोधत बसायचं आहे.

७८ मोजक्याच असतील आणि तुमच्या यंत्राला ७८ चा वेग असेल, तर वेगळं कार्ट्रिज घ्यायची गरज नाही. सुई निघणारं कार्ट्रिज असलं की त्याच अंगावर, म्हणजे सुई काढल्यावर उरणाऱ्या भागावर, ७८ ची सुई चढवता येते. ते कसं, हे पुढे येईलच.

दुसरं: यंत्रावर आत्ता काय बसलंय

एच.एम.व्ही. किंवा फिलिप्सचा जुना पेटीतला प्लेअर असेल तर त्यात बहुधा सिरॅमिक किंवा क्रिस्टल कार्ट्रिज असतं. त्याला छोटी दांडी असते, ती फिरवली की ७८ ची सुई जाऊन एलपीची पुढे येते. क्रिस्टल जातीत रोशेल मीठ वापरलेलं असायचं. ते दमट हवेत आणि उन्हाळ्यात खराब होतं. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात त्याचं काय होत असेल, ते सांगायला नको. अशा प्लेअरचा आवाज हळूहळू पातळ होत गेला असेल तर दोष सुईचा नाही, क्रिस्टल संपलं आहे. तिथे त्याच बनावटीचं सिरॅमिक कार्ट्रिज मिळालं तर बसवावं आणि वारसा म्हणून तो प्लेअर जपावा. त्यात चुंबकीय कार्ट्रिज घुसवायचा खटाटोप करू नये. सिरॅमिकचा संकेत शेकडो मिलिव्होल्टचा, चुंबकीयाचा चार-पाच मिलिव्होल्टचा. आतला ॲम्प्लिफायर त्याला पुरा पडत नाही. शिवाय त्या जड टोनआर्मचा भारही नव्या सुईला सोसत नाही.

हल्ली मिळणारे ब्लूटूथवाले सुटकेस प्लेअरही याच वर्गातले. त्यांच्या सुया पुष्कळदा नीलमाच्या असतात, हिऱ्याच्या नाहीत, आणि त्या फार लवकर झिजतात. त्यांच्यावर अपग्रेडचा पैसा घालू नका, साठवा.

ऑडिओ-टेक्निका एलपी६०एक्ससारख्या पूर्ण स्वयंचलित यंत्रात कार्ट्रिज टोनआर्ममध्ये कायमचं असतं, सुईवरचा भारही ठरलेला असतो. फक्त सुई बदलते. तेवढी बदला आणि या लेखातला बसवण्याचा भाग सोडून द्या.

उरलेली बहुतेक यंत्रं, म्हणजे टेक्निक्स, रेगा, प्रो-जेक्ट, एलपी१२०एक्स वगैरे, अर्ध्या इंचाच्या मापाची: दोन स्क्रू, मधलं अंतर १२.७ मिलिमीटर. ऐंशीच्या दशकातल्या काही जपानी डेकांत मात्र कार्ट्रिज सरळ टोनआर्मच्या टोकात खुपसलेलं असतं आणि एकाच बाजूच्या स्क्रूने धरलेलं असतं. त्याला पी-माउंट म्हणतात. त्याचं वजन आणि भार ठरलेले, त्यामुळे काम सोपं, पण निवड थोडी. असा जपानी डेक माळ्यावरून काढला असेल तर कार्ट्रिजआधी मागची पट्टी वाचा. जपानच्या बाजारासाठी बनलेलं यंत्र १०० व्होल्टचं असतं, ते आपल्या प्लगात सरळ लावायचं नाही.

तिसरं: सुई खरंच संपली आहे का

सुई डोळ्यांनी बघून कळत नाही. सोनाराकडच्या दहापट भिंगातून कचरा दिसेल, टोक तुटलं असेल तर तेही दिसेल, पण झीज दिसणार नाही. त्याला दोनशेपट मोठं दाखवणारा सूक्ष्मदर्शक लागतो. कान मात्र आधी सांगतात. "स" आणि "श" फुटायला लागतात, झांजांचा किणकिणाट खरखरीत होतो, आणि हे सगळं तबकडीच्या आतल्या भागात जास्त होतं.

आतल्या भागातच का, याचं गणित सोपं आहे. एलपी मिनिटाला ३३⅓ फेऱ्या घेते. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते, आतल्या टोकाला जेमतेम २१. तितकाच आवाज अर्ध्याहून कमी जागेत कोंबलेला असतो. आपल्या ख्यालाच्या एलपीत हे नेमकं उलटं पडतं: विलंबित बाहेर, प्रशस्त जागेत, आणि द्रुताच्या ताना लेबलाला चिकटून. पाश्चात्त्य परीक्षक झांजा ऐकून सुई पारखतात. मी बाजू संपतानाची द्रुत तान ऐकतो. तिथे प्रत्येक सूर सुटा ऐकू आला तर सुई ठीक आहे.

तासांचा हिशेबही ठेवा. ऑडिओ-टेक्निकाने आपल्या सुयांचं आयुष्य असं दिलं आहे: गोल सुई ५०० तास, लंबगोल ३००, शिबाता ८००, मायक्रोलिनिअर १०००. एलपीची एक बाजू वीस मिनिटांची धरली तर ३०० तास म्हणजे ९०० बाजू. रोज संध्याकाळी एक एलपी ऐकणाऱ्याची लंबगोल सुई सव्वा वर्षात उतरते. हा आकडा बहुतेकांना धक्का देतो.

आणि वीस वर्षं न वाजवलेली सुई नवी असते, असंही समजू नका. सुईच्या दांडीला धरणारं रबर कडक होतं किंवा सैल पडतं. जुन्या दुकानात सापडलेली "न वापरलेली" सुई घेताना हे ध्यानात ठेवा.

चौथं: टोकाचा आकार

खरा फरक इथे पडतो, म्हणून इथे थोडं थांबू.

गोल टोक सर्वांत साधं, त्रिज्या साधारण १५ ते १८ मायक्रॉन. ते बसवण्यातल्या चुका पोटात घालतं, थोड्या ओरखडलेल्या तबकड्यांवर फार किरकिर करत नाही, पण खाचेतली बारीक वळणं त्याला पोहोचत नाहीत. ४५ च्या कोंकणी ईपी, ज्या लग्नाघरी आणि ज्यूकबॉक्सात झिजून आल्या आहेत, त्यांना मी आजही गोल सुई लावतो.

लंबगोल टोक बाजूंनी अरुंद, साधारण ८ बाय १८ मायक्रॉन. वरचे सूर जास्त स्पष्ट होतात, आतल्या खाचेतला त्रास कमी होतो. नव्या यंत्रासोबत बहुधा हेच येतं.

त्याच्या पुढचे शिबाता, फाइन लाइन, मायक्रोलिनिअर हे खाचेच्या भिंतीला उभ्या लांब रेषेत टेकतात. शिबाता हे नाव जेव्हीसीच्या नोरिओ शिबाता यांचं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला निघालेल्या चार चॅनेलच्या तबकड्यांवर ३० किलोहर्ट्‌झचा वाहक संकेत कोरलेला असायचा. तो वाचण्यासाठी हा आकार घडवला गेला. त्या तबकड्या गेल्या, सुई राहिली. या आकारांचा एक फायदा जुन्या तबकड्यांना होतो. गोल सुईने भिंतीच्या ज्या उंचीवर झीज केली, तिच्या वरखाली न झिजलेला भाग शिल्लक असतो, आणि रेषेत टेकणारी सुई तिथून आवाज काढते. कधीकधी गेलेली वाटणारी एलपी उठून बसते. पण हमी नाही. जड सिरॅमिक सुईने भिंतच फोडली असेल तर ही सुई ती फूट जास्त स्पष्ट ऐकवील. शिवाय ती बसवताना हलगर्जी चालत नाही.

आणखी एक शब्द डब्यावर दिसतो: न्यूड. म्हणजे अख्खा हिरा थेट दांडीला बसवलेला. साध्या सुईत हिऱ्याचं फक्त टोक असतं, ते धातूच्या बुटक्या खुंटीवर चिकटवतात. न्यूड हलकी, म्हणून चपळ. किंमत अर्थात त्यानुसार.

सुई बदलायची की अख्खं कार्ट्रिज

मूव्हिंग मॅग्नेट जातीत, म्हणजे सुईबरोबर छोटं चुंबक हलतं त्या जातीत, सुईचा भाग हाताने निघतो, आणि पुढचा सगळा शहाणपणा यावर उभा आहे. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ मालिकेत एकाच अंगावर गोल, लंबगोल, न्यूड लंबगोल, मायक्रोलिनिअर, शिबाता आणि ७८ ची अशी कुठलीही सुई चढते. ऑर्टोफॉनच्या २एममध्ये रेडच्या अंगावर ब्लूची सुई बसते. ब्रॉन्झ आणि ब्लॅक यांची जोडी वेगळी. म्हणजे यंत्रासोबत २एम रेड आलं असेल तर ते काढून टाकून ब्लू विकत घेऊ नका, फक्त ब्लूची सुई घ्या. स्क्रूला हात लागत नाही, मांडणी हलत नाही.

गोव्यातल्या मिश्र संग्रहासाठी मला व्हीएम९५ सोयीचं वाटतं. मायक्रोलिनिअर सुई एलपींना, ७८ ची सुई आजोबांच्या तबकड्यांना, आणि गोल सुई बाजारातून आणलेल्या संशयास्पद मालाला. ७८ च्या सुईला पाच ग्रॅमच्या आसपास भार लागतो, एलपीच्या सुईला दोन. प्रत्येक वेळी टोनआर्मच्या मागचं वजन फिरवावं लागेल, आणि काही टोनआर्म पाच ग्रॅमपर्यंत जातच नाहीत. विकत घेण्याआधी ते तपासा.

जुन्या डेकावर शुअर असेल तर एक अडचण आहे. शुअरने २०१८ मध्ये कार्ट्रिज बनवणं बंद केलं. सुया मात्र जपानच्या जिकोसारख्या कंपन्या अजून बनवतात. अंग शाबूत असेल तर ते टाकू नका.

अख्खं कार्ट्रिज कधी बदलावं? एका स्पीकरचा आवाज गेला आणि तारा, क्लिपा तपासूनही परतला नाही, तर. त्या जातीची चांगली सुई मिळत नसेल, तर. किंवा टोनआर्मला ते मुळातच जुळत नसेल, तर.

मूव्हिंग कॉइलचा मोह

या जातीत चुंबक स्थिर आणि बारीक गुंडाळी हलते. आवाजातला तपशील सुंदर असतो, मी नाकारत नाही. डेनॉनचं डीएल-१०३ हे एनएचके या जपानी प्रसारण संस्थेसाठी साठच्या दशकात घडवलेलं, साध्या गोल सुईचं, आणि अजून बनतं. पण त्याचा संकेत ०.३ मिलिव्होल्ट. मूव्हिंग मॅग्नेटला फोनो स्टेजमध्ये, म्हणजे कार्ट्रिजचा बारीक संकेत वाढवणाऱ्या भागात, ४० डेसिबलची वाढ पुरते, इथे ६० च्या घरात लागते, आणि त्या वाढीबरोबर घरातल्या वायरिंगची गुणगुणही वाढते. जुन्या घरात अर्थिंग धड नसेल तर आधी वायरमनला बोलवा. सुई संपली की ती हाताने निघत नाही. कार्ट्रिज पाठवून नवीन टोक बसवून घ्यायचं किंवा बदली घ्यायची. पहिला अपग्रेड म्हणून मी हे कुणालाच सुचवत नाही.

टोनआर्मशी जुळतं का

टोनआर्मचं वजन आणि सुईच्या दांडीची लवचीकता (कॉम्प्लायन्स) मिळून एक नैसर्गिक कंपनसंख्या तयार होते. ती ८ ते १२ हर्ट्‌झच्या दरम्यान हवी. खाली गेली तर वाकड्या तबकड्या आणि पावलांचे हादरे तिला झुलवतात, वर गेली तर ती संगीतातल्या खर्जात घुसते. सूत्र असं: टोनआर्मचं परिणामी वस्तुमान, कार्ट्रिज आणि स्क्रू यांची ग्रॅममधली बेरीज करा, तिला लवचीकतेने गुणा, वर्गमूळ काढा, आणि १५९ ला त्याने भागा.

उदाहरण घेऊ. टोनआर्म १२ ग्रॅम, २एम रेड ७.२ ग्रॅम, स्क्रू १ ग्रॅम, बेरीज २०.२. लवचीकता २०. गुणाकार ४०४, वर्गमूळ सुमारे २०, उत्तर ८ च्या आसपास. चालेल, पण काठावर. एक खाचखळगा आहे: जपानी कंपन्या लवचीकता पुष्कळदा १०० हर्ट्‌झला मोजून छापतात. ती दीडपट ते दुप्पट करूनच सूत्रात घाला, नाहीतर उत्तर चुकतं.

हे गणित कुठे लागतं? जुन्या घरातल्या माडीवर, लाकडी फळ्यांच्या जमिनीवर डेक ठेवला असेल तिथे. कुणी चाललं की सुई उडी मारते, आणि दोष कार्ट्रिजला जातो. अशा घरात डेक भिंतीवरच्या फळीवर न्या. चिऱ्याची भिंत जाड असते, हलत नाही. काँक्रीटच्या फ्लॅटमध्ये ही काळजी फारशी नको.

फोनो स्टेजचं थोडक्यात

मूव्हिंग मॅग्नेटला ४७ किलोओहमचा विद्युत भार हवा, तो जवळजवळ सगळीकडे असतो. विसरलं जातं ते कपॅसिटन्स, म्हणजे तारांची विद्युत धारिता. व्हीएम९५ ला १०० ते २०० पिकोफॅरड चालतात. टोनआर्मची तार, आरसीए केबल आणि फोनो स्टेज या तिन्हींची बेरीज सहज त्यापुढे जाते आणि वरचे सूर टोचायला लागतात. लोक मग कार्ट्रिज "कर्कश" म्हणून विकतात. आधी लांब केबल काढून आखूड लावून बघा.

विकत घेताना

गोव्यात बहुतेक खरेदी ऑनलाइनच होते. कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडून, बिलासह घ्या, कारण नकली सुया खूप फिरतात आणि बाहेरून ओळखू येत नाहीत. डबा उघडताना मोबाइलवर चित्रण करा. दांडी वाकडी निघाली तर तेच उपयोगी पडतं. भर पावसात कुरियर आलं आणि तुमच्या खोलीत एसी असेल, तर डबा तासभर बंदच ठेवा, आत दव धरायला नको.

वापरलेलं कार्ट्रिज घ्यायचं असेल तर ते अंगासाठी घ्या, सुईसाठी नाही. विकणारा सांगेल ते तास खरे धरू नका, किमतीत नव्या सुईचा खर्च मिळवूनच सौदा करा.

बसवण्याची पद्धत

दुपारचा उजेड घ्या आणि पंखा बंद करा. पंख्याच्या वाऱ्यात शंभरांश ग्रॅम दाखवणारा काटा स्थिर राहत नाही, आणि घामाच्या हातातून स्क्रू निसटतात तो त्रास वेगळाच. साहित्य थोडं: बारीक पेचकस, शक्यतो चुंबक न लागणारा, टोकदार चिमटा, सुईचा भार मोजणारा डिजिटल काटा, छापलेला प्रोट्रॅक्टर (कार्ट्रिजचा कोन जुळवायची आखणी) आणि एक छोटा आरसा. टेबलावर पांढरा रुमाल पसरा, पडलेला स्क्रू दिसतो.

ॲम्प्लिफायर बंद करा. सुईचा भाग निघत असेल तर काढून ठेवा, नाहीतर टोपण लावूनच काम करा. जुन्या तारांचा फोटो घ्या. मग चिमट्याने क्लिप धरून तारा ओढा, तार धरून नाही. रंग सगळीकडे तेच: पांढरी डावी जिवंत, निळी डावी परतीची, लाल उजवी जिवंत, हिरवी उजवी परतीची. क्लिप सैल असेल तर कार्ट्रिजवर नसताना हलकेच दाबून घट्ट करा. क्लिपा कार्ट्रिजवर असताना त्यांना डागणी (सोल्डरिंग) कधीच लावू नका, आतल्या बारीक तारा तापून जातात. किनाऱ्यालगतच्या घरात या क्लिपांवर हिरवट थर येतो. नव्या कार्ट्रिजसाठी सगळं उघडलं आहे तर तो या वेळी पुसून घ्या. एकाच स्पीकरचा आवाज जात-येत असेल तर कित्येकदा रोग इथेच सापडतो.

स्क्रू बोटाने घट्ट होतील इतकेच लावा, म्हणजे कार्ट्रिज अजून सरकेल. सुई परत चढवा. आता अँटी-स्केट (सुईची मध्याकडची ओढ भरून काढणारी सोय) शून्यावर ठेवून मागचं वजन फिरवत टोनआर्म आडवा तरंगायला लावा. तरंगला की डायल शून्य करा आणि कंपनीने दिलेला भार लावा. व्हीएम९५ ई ला २.०, २एम रेडला १.८, डीएल-१०३ ला २.५ ग्रॅम. मग काट्याने पडताळा, आणि काट्याचं पान तबकडीच्या उंचीवर असू द्या. आपल्याकडे समज आहे की कमी भार लावला तर तबकडी वाचते. होतं उलटं. हलकी सुई भिंतीवर आदळत जाते आणि तीच जास्त नुकसान करते. दिलेल्या मर्यादेत वरच्या बाजूला राहा.

त्यानंतर प्रोट्रॅक्टर. बेअरवॉल्ड पद्धतीत दोन बिंदू असतात, मध्यापासून ६६ आणि १२०.९ मिलिमीटरवर. सुई दोन्ही बिंदूंवर अलगद टेकवून कार्ट्रिजची बाजू रेषांना समांतर येते का बघा. एका बिंदूवर जुळतं आणि दुसऱ्यावर नाही, असं झालं तर कार्ट्रिज पुढे-मागे सरकवावं लागतं. या पायरीला घाई करू नका. प्रत्येक वेळी सरकवल्यावर भार थोडा बदलतो, तोही परत पाहावा लागतो. टेक्निक्स एसएल-१२०० वाल्यांना कंपनीने सोपा मार्ग दिला आहे: हेडशेलच्या (टोनआर्मच्या टोकाचा, कार्ट्रिज धरणारा भाग) मागच्या रबरी चकतीपासून सुईच्या टोकापर्यंत ५२ मिलिमीटर. छापलेला प्रोट्रॅक्टर वापरायचा असेल तर छापताना आकार लहानमोठा झाला नाही ना, हे फूटपट्टीने मोजा. झेरॉक्सवाला हमखास "पानात बसवून" देतो.

मग उंची. सुरुवातीला टोनआर्म तबकडीला समांतर ठेवा, बस. एक मिलिमीटर जाडीच्या फरकाने कोन फक्त पाव अंशाने बदलतो, त्यामुळे जाड-पातळ तबकड्यांसाठी रोज उंची बदलत बसू नये. रेगासारख्या टोनआर्ममध्ये उंचीची सोयच नाही, तिथे खाली चकत्या घालतात.

उभेपणा बघायला आरसा तबकडीच्या जागी ठेवा, सुई त्यावर अलगद टेकवा आणि समोरून बघा. सुई आणि तिचं प्रतिबिंब एका सरळ रेषेत दिसायला हवं. रेषा मोडलेली दिसली तर हेडशेल किंचित फिरवा.

शेवटी अँटी-स्केट, सुरुवातीला भाराइतकाच आकडा. ऐकताना उजवा स्पीकर आधी फुटत असेल तर तो थोडा वाढवा. खाचेची बाहेरची भिंत उजव्या चॅनेलची असते, आणि आत ओढली जाणारी सुई तीच आधी सोडते. गुळगुळीत कोऱ्या तबकडीवर सुई स्थिर राहीपर्यंत हा आकडा लावत बसण्याची पद्धत मला पटत नाही. खाचेत असताना सुईवर येणारं घर्षण वेगळं असतं.

आता स्क्रू घट्ट करा, एकदा हा, एकदा तो, आणि भार व प्रोट्रॅक्टर पुन्हा एकदा पाहा. स्क्रू आवळताना कार्ट्रिज हमखास केसभर फिरतं.

ऐकून बघताना

जुनं आणि नवं ताडून बघताना आवाजाची पातळी सारखी करा. २एम रेडचे ५.५ मिलिव्होल्ट आणि व्हीएम९५ ई चे ४ यांत जवळजवळ तीन डेसिबलचा फरक आहे, आणि मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो. तुमच्या पाठ असलेल्या दोनच तबकड्या घ्या. एक ख्यालाची, आतल्या खाचेतल्या तानांसाठी. दुसरी लॉर्नाच्या आवाजामागे ट्रंपेट चढत जातो अशी कोंकणी ईपी. ट्रंपेट फुटला तर भार किंवा मांडणी तपासा. आणि तबकडीच झिजलेली आहे का, हे कळायला तिसरी नवी तबकडी लावा. तीही फुटली तर दोष तुमच्या बसवण्यात आहे.

पावसाळ्यातली निगा

जूनपासून सप्टेंबरपर्यंत तबकड्यांवर बुरशी येते आणि ती सुईवर गोळा होते. प्रत्येक बाजूआधी कार्बन फायबरचा ब्रश, प्रत्येक एलपीनंतर सुईला मागून पुढे एकच हलका फटकारा. आडवा किंवा पुढून मागे कधीच नाही, दांडी वाकते. डिचोली-साखळीच्या खाणपट्ट्यातल्या किंवा रस्त्याकाठच्या घरांत लाल धूळ जास्त येते आणि ती विनाइलपेक्षा, म्हणजे एलपीच्या प्लास्टिकपेक्षा, कठीण असते. तिथे तबकड्या धुण्याला पर्याय नाही. विनाइलसाठी ऊर्ध्वपातित पाणी आणि त्यात थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं. लाखेच्या तबकडीला मात्र अल्कोहोलचा थेंबही लावू नका, लाख त्यात विरघळते.

यंत्र महिनाभर बंद राहणार असेल तर सुईचा भाग काढून, टोपण लावून, सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. डब्यावर सुई बसवल्याची तारीख लिहा. ऑक्टोबरमध्ये परत लावताना भार एकदा काट्यावर घ्या.

बदललेली जुनी सुई झिजलेली असेल तर मोडून टाका, "असू दे, उपयोगी पडेल" म्हणून ड्रॉवरमध्ये ठेवू नका, कारण कुणीतरी ती एक दिवस लावतंच. पण झिजायच्या आधीच वरचा आकार हवा म्हणून बदलली असेल, तर ती जपा. म्हापशाच्या किंवा हणजुणेच्या बाजारातून आणलेली अनोळखी तबकडी धुतल्यावर पहिल्यांदा त्या जपलेल्या सुईनेच वाजवा. वाळूचा कण राहिला असेल तर तो त्या सुईच्या वाट्याला जाईल, तुमच्या मायक्रोलिनिअरच्या नाही.